ओढ्याचा कोणता, डबक्याचा कोणता

पुस्तकात नीट वाचलं की माणूस काहीही ओळखू शकतो, असं माझं ठाम मत होतं. जन्म ग्रंथालयात गेला. मत तपासायची वेळ आली नाही.

माझी लेक सॅलमँडरांवर काम करते. दिसायला पाल, कूळ बेडकाचं, असा तो ओलसर जीव. तिच्या टेबलावर दोन डबे होते. एकात ओढ्याचा सॅलमँडर, दुसऱ्यात डबक्याचा. अगदी चुलत भाऊ, आणि दोन्ही जाती संपत आलेल्या. संध्याकाळी त्यांना आपापल्या पाण्यात सोडायचं होतं. चुकीच्या पाण्यात गेला तो मेलाच. गाडी आणायला जाताना लेक म्हणाली, "बाबा, नुसतं बसा."

बसलो असतो हो. पण डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाकड्या होत्या, आणि वाकडी चिठ्ठी मला बघवत नाही. ओल्या फडक्याने त्या काढल्या, डबे फिरवून पुसले, सुवाच्य अक्षरात नव्या लिहिल्या. चिकटवायला गेलो आणि हात तिथेच थांबला. कोणता कुठला?

शेल्फावर पुस्तक होतं. ओढ्याच्याची शेपटी धडापेक्षा लांब, डबक्याच्याची आखूड. सोपं! पहिला मोजला: आखूड. म्हणजे डबक्याचा. दुसऱ्याची शेपटी वळलेली होती, म्हणून सरळ करायला जरा धरली. ती माझ्या चिमटीतच राहिली. मालक मात्र पुढे निघून गेला, गर्दीत चप्पल सुटली तरी मागे न बघणाऱ्या माणसासारखा.

आता दोघेही आखूड. शेपटी एकटीच वळवळत होती.

लेक आली. मी दोनदा घसा खाकरून सगळं सांगितलं. तिने आधी त्या जिवाला नीट पाहिलं. शेपटी पुन्हा येते, म्हणाली. मग खुर्चीत बसली.

"बाबा, ते पुस्तक कधीच चुकीचं ठरलंय. कुठे पकडला यावरूनच आम्ही ओळखतो. दुसरी खूण एकच. घाबरला की शेपटी टाकतो तो डबक्याचा. ओढ्याचा मेला तरी टाकत नाही. पण ही परीक्षा कोणी घेत नाही."

"म्हणजे ओळख पटली," मी हळूच म्हणालो.

"पटली. पण शेपटी येईपर्यंत याला सोडता येणार नाही. रोज गांडुळं तुम्ही भरवायची."

भरवतो. वेळ मात्र फार लागतो, कारण गांडूळ कोणत्या टोकाला धरावं ते ठरत नाही. हल्ली मी कुणाचंच मागचं टोक धरत नाही.