उतरण्यापुरती सायकल

सरकारी नोकराने कचेरीत वेळेवर हजर राहावे, हा नियम निजाम सरकारात होता तसा सगळ्याच सरकारांत असतो. आणि ते जमू नये, याची तजवीजही सरकारच करत असते. वालूरचे भुजंगराव तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे साधे कारकून, होते. रोज पायी तालुक्याच्या गावी जायचे आणि रोज उशिरा पोचायचे. अखेर तहसीलदारसाहेबांनी बजावले, "यापुढं उशीर झाला की बरतरफ!" बरतरफ म्हणजे कायमचे घरी.

भुजंगराव तोंड पाडून घरी आले. पण त्यांची बायको प्रभावती खमकी होती. तिने परभणीला माहेरी निरोप धाडला आणि सासरेबुवांनी जावयाची नोकरी टिकावी म्हणून एक सायकल पाठवून दिली. शेजारचा मुंजाजी सायकलीभोवती फिरून म्हणाला, "भुजंगराव, हिला वैरण न्हाई, पाणी न्हाई. मग ही खाती काय?"

"काहीच खात न्हाई."

"न खाणारं जनावर लय वाईट. मालकाचंच डोकं खातंय बगा."

पहिल्या दिवशी भुजंगराव वाऱ्यावर स्वार होऊन निघाले आणि तालुक्याच्या गावच्या नाक्यावर थबकले. पुढ्यात पेशकार व्यंकटराव कचेरीकडे चालले होते. पेशकार म्हणजे तहसीलदारांचा उजवा हात. त्यांच्या टांग्याचा घोडा लंगडत होता, म्हणून स्वारी पायी होती. आता वरिष्ठ पायी असताना हाताखालच्याने सवारीवरून पुढे जायचे नाही. खाली उतरायचे, झुकून आदाब करायचा आणि मागून चालायचे, असा रिवाज होता. तो कुठेही लिहिलेला नव्हता, त्यामुळे मोडताही येत नव्हता. भुजंगराव उतरले. पेशकारांचे गुडघे दुखरे आणि ओळखी दांडग्या. दुकानादुकानापाशी गप्पा मारत दोघे कचेरीत पोचले तेव्हा उशीर झालेला होता. पेशकारांचा उशीर हा उशीर धरत नसत. भुजंगरावांना मात्र साहेबांनी शेवटची ताकीद दिली.

पेशकारांना मात्र हा प्रकार फार गोड लागला. इतकी वर्षे ते टांग्यातून जात होते, पण त्यांच्यासाठी कुणी कशावरून उतरले नव्हते. घोडा बरा झाला तरी ते टांगेवाल्याला म्हणाले, "राहू दे. चालण्यानं तब्येत सुधरायलीय." ही सुधारणा साथीसारखी पसरली. गावोगाव तपासणी करणाऱ्या गिरदावराने घोडा सोडला, खजिना सांभाळणाऱ्या नाझराने बैलांची दमणी सोडली आणि शेवटी खुद्द तहसीलदारसाहेबही पायी निघू लागले. नाक्यापासून कचेरीपर्यंत वरिष्ठांची रांगच लागली. भुजंगराव चढायचे न चढायचे तोच उतरायचे. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

नोकरी जाणार हे दिसत होते. एके दिवशी त्यांनी मुंजाजीच्या बैलगाडीत सायकल घातली, स्वतः शेजारी आडवे झाले आणि वर कडबा ओढून घेतला.

"साहेब दिसले तर थांबू नको रं."

"मी कशाला थांबू? मी काय तुमच्या सायबाचा नोकर हाय?" असे म्हणून मुंजाजी सगळ्या अंमलदारांना मागे टाकून गात गात पुढे गेला. भुजंगराव उभ्या नोकरीत पहिल्यांदा वेळेवर पोचले आणि तिथेच बुडाले.

"वाटेत तुमी दिसला न्हाईत," तहसीलदारसाहेब गरजले.

"वेळेवर आलो, साहेब."

"ते कोण विचारायलंय? आमचा आदाब कुठाय?"

दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला: जो आदाब सवारीवरून उतरून केलेला नसेल, तो आदाब समजला जाणार नाही. आता पायी येणाऱ्यांची पंचाईत झाली, कारण उतरायचे तर आधी चढलेले असायला हवे. जो तो सायकल शोधू लागला. कुणी बिनसाखळीची आणली, कुणी बिनब्रेकची. चालवायची कुणाला होती? म्हाताऱ्या बन्सीधर कारकुनाला सायकल मिळाली नाही, तो कुंभाराच्या गाढवावरून उतरू लागला. साहेबांनी वर इत्तला, म्हणजे खबर, दिली की तालुक्यात सायकलींचा प्रसार जोरात असून रयत तरक्की करीत आहे. ही तरक्की डोळ्यांनी पाहायला तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, मोटारीतून निघाले.

कचेरीत पळापळ झाली. तालुकदार मोठे, तहसीलदार लहान. आणि लहान पायी! त्यांच्याच हुकुमाप्रमाणे त्यांचा आदाब रद्द होता. साखळी-ब्रेकसकट धड सायकल एकट्या भुजंगरावांची.

"ही सायकल आमच्या कामी न आली, तर तुमची बरतरफी आत्ताच," तहसीलदारसाहेब म्हणाले. त्यांना सायकल येत नव्हती.

"पायडल मारूच नका. नुसतं बसा, आन् मी म्हणलो की उतरा," भुजंगराव सीट धरून म्हणाले. दोन चपराशांनी दोन्ही बाजूंनी साहेबांना टेकू दिला. मोटार आली. साहेब उतरू लागले, शेरवानी साखळीत गेली आणि साहेब, सायकल, चपराशी असा सगळा आदाब मोटारीपुढे धुळीत लोळला.

तालुकदारांनी काच खाली केली. त्यांचे डोळे भरून आले होते. इतका झुकलेला आदाब त्यांना जन्मात कुणी केला नव्हता. महिन्याच्या आत तहसीलदारांना बढती मिळाली. जाताना त्यांनी व्यंकटरावांना सोबत नेले आणि पेशकाराच्या रिकाम्या जागेवर भुजंगरावांना बसवले.

प्रभावतीला हुंदका आवरेना. नोकरी वाचली होती, वर मान वाढला होता. दुसऱ्या दिवशी तिने सायकलीला हळदकुंकू वाहिले, तर भुजंगराव वहाणा घालून पायीच निघालेले!

"अहो, सायकल? उशीर व्हायलाय की!"

"येडी का काय तू? मीच सायकलीवर बसलो, तर माज्यासाठी उतरंल कोण?"

वाचकहो, हसलात ना? हसा. ते राज्य गेले, ते आदाबही गेले. फक्त एवढे सांगा: नवी गाडी आणलीत त्या संध्याकाळी तुम्ही तिच्यातून कुठे गेला होतात? कुठेच नाही. दारात उभी करून, शेजारी बाहेर येईपर्यंत, तिची स्वच्छ काच पुसत बसला होतात.