गजभियेकाकांची तीन बटनं

गजभियेकाका कुठलंही नवं सॉफ्टवेअर आधी चष्मा काढून बघतात. चष्म्याशिवाय त्यांना समोर माणूस आहे की कपाट, एवढंच कळतं. त्या अवस्थेत बोट नेमकं बटनावर पडलं, तर काम पास. नाही तर मी ते पुन्हा करायचं. मी म्हणजे त्यांची कोड लिहिणारी. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून लखनौला आले आणि तेलीबागेत काकांच्या घराखालच्या खोलीत, त्यांच्या कंपनीत लागले. कंपनीत आम्ही दोघंच आहोत.

काका मूळचे नागपूरचे. उभी हयात इथल्या सरकारी खात्यात लोकांचे अर्ज परत पाठवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी लहान दुकानदारांसाठी सोपं सॉफ्टवेअर करायला घेतलं, ते बहुधा प्रायश्चित्त म्हणून. मी पडद्यावर काहीही वाढवलं की ते विचारतात, "हे कोनाले पाहिजे?" मला उत्तर सुचेपर्यंत ती गोष्ट गेलेली असते. 'अवैध' हा शब्द आमच्याकडे बंद आहे. कोणी चुकीचा नंबर टाकला तर पडदा म्हणतो, 'ज़रा एक बार फिर देख लीजिए.' लखनौत मशीननंही अदबीनंच बोलावं, असं काकांचं मत आहे.

चौक नावाच्या जुन्या बाजारात रिझवानभाईंचं चिकनकारीच्या कपड्यांचं दुकान आहे. कुठला कुर्ता भरतकामासाठी कुठल्या बाईकडे गेलाय आणि कुठला परत आलाय, हे त्यांना कम्प्युटरवर हवं होतं. काका आधी दुकानात जाऊन नुसते बसले. बरेच दिवस बसले. रिझवानभाईंनी गिऱ्हाईक समजून कुर्ते दाखवले, आणि काकांनी भिडेखातर घेतलेही. बसून त्यांना कळलं ते इतकंच, की दुकान रिझवानभाईंचं असलं तरी चालवतात त्यांची मोठी बहीण, शाहिदाआपा. मग सॉफ्टवेअर आपांसाठी झालं. पडद्यावर तीन बटनं: दिया, आया, बाक़ी.

रिझवानभाई ते बराच वेळ पाहत राहिले. लखनवी माणूस नाराजीसुद्धा तबकात घालून देतो.

"माशाअल्लाह, बहुत उम्दा है," ते म्हणाले. "बाक़ी के बटन कब तक आ जाएँगे?"

काकांनी सांगितलं की ते होते, काढून टाकलेत; वेळ त्यालाच लागला.

रिझवानभाईंचं म्हणणं पडलं, की शेजारच्या दुकानात पडदाभर रंगीत बटनं आहेत आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांवर त्यानं वजन पडतं. नको असं ते म्हणाले नाहीत. सोचकर बताते हैं, म्हणाले. इकडे दोन्हीचा अर्थ एकच. माझा महिन्याभराचा उद्योग बुडाला असं मी धरून चालले.

तोवर आपांनी पडदा आपल्याकडे वळवला होता. दारात आलेल्या बाईचे कुर्ते त्यांनी मोजून घेतले आणि 'आया'मध्ये चढवले. त्यांना कोणी काही शिकवलं नव्हतं.

"हमें समझ में आ गया," त्या भावाला म्हणाल्या. "अब आप रहने दीजिए."

व्यवहार ठरला. खरी पंचाईत त्यानंतर झाली.

आमच्या सॉफ्टवेअरबद्दल कोणाचाच फोन येत नाही. फोन नाही म्हणजे काम चोख, असं काका अभिमानानं सांगतात, आणि फोनचा आवाज चालू आहे ना, ते पुन्हा पुन्हा तपासतात. काकू गेल्या त्याला काही वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला असते. काका मराठीत बोलतात, ती हिंदीत उत्तर देते, आणि तिचं सगळं ठीक चाललेलं असतं. हुशार मुलगी. तिचं कधी काही अडत नाही.

मग एखाद्या दुपारी काका उठतात. "चौकात चक्कर मारून येतो, बाई. आपाचं काही अडलं असन."

परवा मीही सोबत गेले. काका हात धुवायला आत गेले, तेवढ्यात आपांनी समोर बसलेल्या बायकांचं सगळं काम पडद्यावर चढवून बायकांना वाटेला लावलं. बोलणं चालू, बोटं चालू. काका येऊन टेकले, तशा त्या थांबल्या.

"भाई साहब, वो 'आया' वाला ज़रा फिर से बता दीजिए. हम भूल जाते हैं."

काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं. सावकाश, अगदी पहिल्यापासून. आपा मन लावून मान हलवत होत्या. मध्ये चहा आला. मी चहा प्यायले.

परतताना ऑटोत मला राहवलं नाही. म्हटलं, काका, आपांना सगळं येतं.

"मले माहीत आहे नं, बाई," ते म्हणाले. "तीन बटनं कोनाले येत नाही?"

"मग?"



"विचारते नं कोनी," ते म्हणाले. "विचारलं त सांगा लागते."

मग पुढे वाकून ते ऑटोवाल्याला तेलीबागेचा रस्ता सांगू लागले. त्याला तो माहीत होता. तरी 'जी अंकल, जी अंकल' करत त्यानं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.