तळ्याला कान लावणारे तात्या

आमचे शेजारी गणूतात्या भर दुपारी तळ्याच्या पायरीवर आडवे होत आणि एक कान पाण्यात बुडवून मासे ऐकत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माणूस गेला असं समजून मी धावलो. तात्यांनी डोळेही उघडले नाहीत.

"गप, मास्तर! मरळ बोलतेय का बगतोय."

आमच्या कुंभिवली गावातली दुपार अशी सुस्त पसरलेली असे की, शेजारी बसल्या बसल्या मलाही काहीबाही ऐकू येऊ लागे. तात्यांना मात्र चिलापीच ऐकू येई. ही परमुलखातली मासळी तळ्यात माजली होती आणि मरळीची अंडी, पिल्लं फस्त करत होती. तात्या तिला 'पाव्हनी' म्हणत. जाळ्यात आली की अदबीने सांगत, "चला पाव्हनी, पानी बास झालं!" मग टोपली आमच्या दारात. रोज रोज चिलापी खाऊन माझी बायको इतकी विटली की तात्यांचा खोकला ऐकला तरी कडी लावून घेई.

"तात्या, एवढं काय वैर तिच्याशी?" मी एकदा विचारलं.

ते जाळं झटकत म्हणाले, "मीच आनली ना. मोहोपाड्याच्या मेव्हन्याकडनं, डब्यात घालून. लवकर वाढते म्हनला."

त्यांची बायको, सखूकाकू, मरळीची पिल्लं बघायला पायरीवर बसत. पिल्लांचा तांबडा पुंजका पाण्यावर तरंगे, खाली आई राखण करी. तेवढे दिवस काकू कुणाला जाळं टाकू देत नसत. चिलापी आली आणि पुंजके दिसेनासे झाले. "कुटं गेली ओ पिल्लं?" काकू शेवटच्या दुखण्यातही विचारत. तात्यांना खरं सांगवलं नाही. तेव्हापासून हे जाळं.

सात-आठ वर्षं गेली. एका श्रावणात, ऊनपावसात, कमळांच्या पानांमध्ये मला तांबडं काहीतरी हललेलं दिसलं. मी धावत तात्यांना बोलावून आणलं. ते गुडघाभर पाण्यात उतरले, हात न लावता बघत राहिले. आता नाचतील असं मला वाटलं, पण ते वळून घरी निघाले. काळजी वाटून मी मागे गेलो.

तात्या ओल्या पायांनी उंबऱ्यावर बसले होते. रिकाम्या घराकडे तोंड करून हळूच सांगत होते, "सखू, मीच घालवली व्हती गं. रागावू नको. आली बग परत."

मला आत पाऊल टाकवलं नाही.