तळघराचा दुसरा भाग

‘तळघर’ हा गेम आपण इतक्या वेळा संपवलाय की डोळे बांधूनही शेवटपर्यंत जाऊ, असं वस्ताद छातीठोकपणे सांगायचा. लोकांचा विश्वास बसायचा. माणूस चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचा ना! त्याने ‘आता स्पष्ट दिसतंय?’ असं विचारलं की समोरचा मान डोलावतोच, दिसो वा न दिसो.

खरी गोष्ट अशी की वस्तादने तो गेम एकदाही संपवला नव्हता. गेममध्ये ओसाड हॉटेलचा रखवालदार किल्ली शोधत शोधत स्वयंपाकघरामागच्या लोखंडी दारापाशी येतो. दाराआडून कुणाचा तरी जड, घरघरता श्वास ऐकू येतो. बस्स, तिथे वस्ताद गेम बंद करायचा आणि मोठ्या बहिणीच्या खोलीत जाऊन उगाचच तिच्या तब्येतीची चौकशी करायचा. भाऊ किती मायाळू, असं ताईला वाटायचं.

पुढे काय झालं, की गेमच्या कंपनीने दुसरा भाग काढायला साफ नकार दिला. चाहते पेटले. आपणच वर्गणी काढू, आपणच बनवू! तुम्हाला हवं ते करा बापडे, फक्त विकू नका, असं कंपनीनेही कळवून टाकलं. प्रमुख कोण? अर्थात वस्ताद. त्याने पहिल्याच दिवशी नियम घालून दिला: पहिल्या भागाच्या शेवटाबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही, त्याचे व्हिडिओ पाहायचे नाहीत, कुणाची मजा घालवायची नाही. केवढा मोठ्या मनाचा माणूस, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

दाराआडचं जग मग वस्तादने मनानेच रचलं. खाली जाणारा दगडी जिना, त्याखाली अकरा मजले, आणि तळाशी तो श्वास घेणारा राक्षस. चमूतल्या चित्रकाराने एकेक पायरी रंगवली. साउंडवाला राक्षसाचा श्वास स्वतःच्या छातीतून काढायचा, इतका की बायकोने त्याला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. आणि प्रोग्रामरने या कामासाठी चक्क नोकरी सोडली. ते कळलं त्या रात्री वस्तादने ताईच्या तब्येतीची दोनदा चौकशी केली. ही तीन माणसं सोडली तर त्याला मित्रच नव्हते, आणि तिघंही त्याच्या थापेवर इमले चढवत होते. थाप उघडी पडली तर कुणी दारात उभं करणार नव्हतं.

वर्गणीदारांना दुसरा भाग दाखवायचा दिवस आला. वाचनालयाच्या वरचा हॉल खच्चून भरला. ताईही आली होती, खुर्च्या मांडायला. प्रोग्रामर माइकवर उभा राहिला आणि म्हणाला, आज एक खास गंमत आहे. आधी वस्ताद स्वतः पहिल्या भागाचा शेवट खेळून दाखवतील. तो संपेल तिथूनच आपला दुसरा भाग सुरू होईल. दारापर्यंतचा गेम माझ्याकडे सेव्ह आहेच.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

वस्तादने घसा बसल्याचं सांगितलं. खेळायला घसा लागत नाही, असं उत्तर आलं. कंट्रोलर बिघडलाय म्हणाला, तर ताईने मदतीच्या उत्साहात पिशवीतून दुसरा काढून दिला. सख्खी बहीण! पडद्यावर ते दार भिंतीएवढं झालं. श्वासाची घरघर थेट बरगड्यांत शिरली. मागे सगळे डोळे लावून बसलेले, पुढे तो राक्षस. पळायला वाट नाही. वस्तादने डोळे गच्च मिटले आणि बटण दाबलं.

कर्रर्र करत दार उघडलं. किंकाळी आली नाही. वस्तादने एक डोळा किलकिला केला.

बाहेर सकाळ झाली होती. अंगण होतं. उंबऱ्याशी एक म्हातारा कुत्रा घोरत पडला होता. रखवालदाराने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि पडद्यावर ‘समाप्त’ आलं.

जिना नव्हता. तळघर नव्हतं. अकरा मजले तर सोडाच, साधा खड्डाही नव्हता.

“वस्ताद,” चित्रकाराने हळूच विचारलं, “जिना कुठाय?”

आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं? “मी हे दार कधी उघडलंच नव्हतं,” वस्ताद म्हणाला आणि मार खायच्या तयारीने मान खाली घालून उभा राहिला.

मार काही पडेना. त्याने वर पाहिलं तर चित्रकार आपल्या बुटांकडे बघत होता. “मीही नाही,” तो पुटपुटला. साउंडवाल्यानेही मान हलवली. “माझा गेम नेमका दारापाशीच का सेव्ह होता, असं वाटतं तुला?” प्रोग्रामर म्हणाला. आणि खुर्च्यांमधून एकेक कबुली यायला लागली. हॉलभर गेमचे कट्टर भक्त, आणि त्या दारापलीकडे गेलेला एकही नाही!

आता हे लोक वर्गणी परत मागणार, असं तुम्हाला वाटेल. वस्तादलाही तेच वाटलं. पण मागच्या रांगेतून एक गृहस्थ तावातावाने उठले. हा शेवट साफ चुकीचा आहे, म्हणाले. कंपनीला स्वतःचाच गेम कळलेला नाही! कुत्रा म्हणजे काय? सगळ्यांनी त्यांना उचलून धरलं. तिथल्या तिथे ठराव झाला: आपलं तळघर हेच खरं तळघर.

वस्तादच्या जिवात जीव आला. मित्र राहिले, मान राहिला. डोळे पुसत त्याने सगळ्यांचे आभार मानले.

“एक राहिलं,” प्रोग्रामर त्याच्या खांद्यावर हात टाकत म्हणाला. “आपला भाग सुरुवातीपासून राक्षसापर्यंत अजून कुणीच सलग खेळून बघितलेला नाही. आमच्याच्याने होत नाही रे. दार उघडायची छाती इथे फक्त तुझी आहे. उद्यापासून एकट्याने बस, हेडफोन लावून.”

टाळ्या पुन्हा पडल्या. वस्तादने हसून हात जोडले आणि हसू तसंच ठेवून, ओठ न हलवता, शेजारी उभ्या असलेल्या ताईला विचारलं, “उद्या सुट्टी घेतेस?”