मनिला, दोन दिवसांपुरता

काशीराम रेवाळे यांनी आयुष्यात एकच बेत असा आखला होता, की त्यात चूक निघणं अशक्य! शनिवार-रविवार असा दोन दिवस वाचनालयाचा शतकमहोत्सव. शनिवारी त्यांचं भाषण, रविवारी सर्वांबरोबर फोटो. आणि दोन्ही दिवस अंगात नवा मनिला!

आता मनिला म्हणजे काय, हे हल्लीच्या मंडळींना सांगावंच लागेल. मनिला म्हणजे अर्ध्या बाह्यांचा, पँटबाहेर सोडायचा, ऐसपैस सदरा. आत वारा खेळतो, पोट झाकतं आणि खिशात चष्मा, पेन, वर्तमानपत्राचं कात्रण असं सगळं मावतं. काशीरामांनी उभी नोकरी रत्नागिरीच्या त्या वाचनालयात पुस्तकांना नंबर घालत मनिल्यातच काढली. त्यांचा शिंपी सखाराम. त्याने मोतीबिंदूपायी दुकान बंद केलं आणि काशीराम पोरके झाले. बाजारपेठेत अंगाला चिकटणारे टीशर्ट तेवढे मिळत. ते घातल्यावर काशीराम सालपटासकट केळ्यासारखे दिसत.

एवढ्यात हे भाषणाचं बोलावणं आलं. लोक एरवी त्यांना फक्त "ते पुस्तक आलं का?" एवढंच विचारत. आता प्रथमच त्यांना कोणी ऐकणार होतं. भीतीने त्यांना जेवण जात नव्हतं, पण मनातून त्यांना हे भाषण हवं होतं. अगदी हवं होतं!

बायकोला, मालनला, नव्या कपड्याचं बोलायची सोय नव्हती. "चार आहेत की! या वयात कोणाला दाखवायचंय?" असं म्हणून ती पदराआड हसली असती. म्हणून काशीरामांनी परसात नारळाच्या आडोशाला उभं राहून मुंबईला सुनेला फोन लावला.

"दर्शना, एक काम होतं. म्हणजे जमलं तर हं. मनिला हवा होता."

"मनिला? तुम्हाला? अय्या, बाबा!"

"दोन दिवसांपुरताच. शनिवार-रविवार. फार भडक नको. आमच्या वयाला शोभेलसं बघ."

"कळलं! शांत ठिकाणचं बघते."

शांत ठिकाणचं म्हणजे गर्दी नसलेल्या दुकानातलं, असं काशीराम समजले. मुंबईत दुकानांना गर्दी फार!

"खिसा मात्र मोठा हवा," ते म्हणाले.

"खिशाची काळजी तुम्ही नका करू. खिसा आमचा!"

केवढी गुणी सून! "आणि आईला सांगू नकोस," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. बेत फत्ते!

दुसऱ्या दिवशी राजेंद्रचा, म्हणजे मुलाचा, फोन आला.

"बाबा, मनिला पक्कं! बुक केलं."

हल्ली भाजीसुद्धा बुक करतात, तेव्हा शर्ट का नको? "पण शनिवारी सकाळी हजर पाहिजे हं," काशीराम म्हणाले.

"शनिवारी सकाळीच उतरतंय."

एसटीच्या टपावरून पार्सल उतरताना काशीरामांना दिसलं.

"आणि आईचंही काढलंय."

"आईचं? तिला कशाला मनिला?"

"मग तुम्ही एकटेच मिरवणार होय? दोघांचं एकदम काढलं म्हणून स्वस्तात बसलं!"

एकाच ताग्यातून काढलं असणार! काशीरामांच्या डोळ्यांपुढे मालन उभी राहिली: साडीवर मनिला, खिशाला पेन आणि सभेत पहिल्या रांगेत! त्यांना दरदरून घाम फुटला. पण विचारायचं कसं? मुलगा एवढ्या हौसेने करतोय. ते "बरं" म्हणाले. आयुष्यातल्या सगळ्या संकटांना त्यांनी "बरं" म्हणूनच आत घेतलं होतं.

संध्याकाळी शेजारचा धोंडू पेढ्यांचा पुडा घेऊन थेट ओटीवर आला.

"काय ओ भाऊ, आमी काय परके? मनिल्याचा कळवलात पण नाय!"

काशीराम लाजेने आक्रसले. शर्टाची बातमी आळीत फुटली! "अरे, साधाच आहे," ते पुटपुटले. "त्यात काय एवढं."

"साधा? इमानान जायाचा नि साधा?"

"विमानाने? शर्ट विमानाने येतोय?"

"शर्ट खय? तुमी चाल्लाव! तुमी नि वयनी! फिलिपिन्सला! माझ्या स्वरूपनं मोबाइलवर बघितलान पण. मोठमोठ्या इमारती, समुद्र…"

काशीराम मटकन झोपाळ्यावर बसले. झोपाळा मागे गेला आणि ते पुढे राहिले. जमिनीवरून त्यांनी धोंडूकडे पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे बर्फावर मांडलेल्या बांगड्यासारखे झाले होते.

फिलिपिन्सची राजधानी कोणती? मनिला! काशीरामांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. वाचनालयातल्या नकाशांच्या पुस्तकावर नंबर त्यांनीच घातला होता. पण ती राजधानी आणि आपल्या पाठीवरचं कापड ही दोन नावं डोक्यात एका कपाटात कधी आलीच नव्हती!

"कधी?" त्यांनी जमिनीवरूनच विचारलं.

"ह्याच शनवारी-रयवारी! वयनी बोलल्या, तुमीच नाय का मागितलात?"

शनिवारी! भाषणाच्या दिवशी!

सांगून टाकावं, असं ठरवून ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे मालन पाटावर बसली होती. पुढ्यात आमसुलं, कुळथाचं पीठ आणि हर्णैहून आलेली सुकी मासळी. शेजारी दोन पासपोर्ट. लेक दीपाली दुबईला होती तेव्हा तिच्या बाळंतपणासाठी काढलेले. ते जाणं राहिलं आणि पासपोर्ट साड्यांखाली गेले होते.

"राजू म्हणाला, व्हिसा लागत नाही," मालन म्हणाली. "दर्शनाने मला सगळं सांगितलं हो. पासपोर्टसाठी सांगावंच लागलं बिचारीला."

"मालन, ऐक. मनिला म्हणजे…"

मालनने वर पाहिलं. डोळे भरलेले! "लग्न झाल्यापासून मी गणपतीपुळ्याच्या पुढे समुद्र बघितला नाही. तुम्ही आपणहून मनात आणलंत. तेही माझ्यापासून लपवून! कधी नव्हे ते!"

काशीरामांनी उघडलेलं तोंड मिटलं. "मासळी विमानात नेऊ देत नसतील," एवढंच ते म्हणाले.

म्हणजे आता भाषण सोडायचं. रात्रंदिवस घोटलेलं, नारळाच्या झाडांना ऐकवलेलं भाषण! पण गंमत बघा, वाचनालयाची पायरी चढताना त्यांना एकदम हलकं वाटू लागलं. सुटलो की! लोकांसमोर उभं राहायला नको, त्यांच्याकडे बघायला नको. समोर अध्यक्षा मनाली खानविलकर बसल्या होत्या, त्यांच्या मुलीच्या वयाच्या. काशीरामांनी डोळे मिटून वाक्य फेकलं.

"मनिलाताई, मी मनालीला चाललोय!"

"आलात की मग माझ्याकडे!" मनालीताई हसू लागल्या. "बसा. पाणी घ्या. कुठे चाललाय?"

मग एकेक शब्द वेचून त्यांनी सांगितलं. मनालीताई टाळी वाजवून उभ्या राहिल्या.

"काका, परदेशात? आपल्या वाचनालयातून पहिलेच तुम्ही! थांबा, तुमचं भाषण पुढच्या शनिवारी ठेवू, समारोपच तेव्हा करू. आणि विषय बदलू! 'मी पाहिलेलं मनिला'. पडद्यावर फोटो, मग श्रोत्यांचे प्रश्न. मोठं सभागृह घेते!"

"प्रश्नसुद्धा?" काशीरामांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. भाषण गेलं नव्हतं, ते वाढलं होतं! घोटलेलं सगळं पाण्यात! आणि वर मोठं सभागृह!

"बरं," ते म्हणाले.

घरी परतताना मात्र त्यांनी निश्चय केला. एका शर्टापायी मुलाचा खर्च, फुकटचं कौतुक, आळीभर पेढे! शिवाय बायकोची फसवणूक. ती नको. काय व्हायचं ते होवो.

अंगणात मालन नवे कॅनव्हासचे बूट घालून तुळशीभोवती चालायचा सराव करत होती. साडी टाचेच्या वर खोचलेली. पावलं अशी टाकत होती, जणू चिखलात लावणी लावतेय.

"मालन," काशीरामांनी श्वास घेतला. "माझी चूक झाली. मला गाव नको होता. मला शर्ट हवा होता. भाषणासाठी. मनिला! राजू-दर्शनाने भलतंच ऐकलं. आणि मला पुढे बोलताच आलं नाही."

मालन थांबली. आता रडणार! काशीरामांनी डोळे मिटून घेतले.

"माहीत आहे," मालन म्हणाली.

"काय?"

"दर्शना म्हणाली, 'बाबा बोलले, भडक नको आणि खिसा मोठा हवा.' मी तेव्हाच ओळखलं. इतकी वर्षं तुमच्या मनिल्यांना बटणं कोण लावतंय?"

काशीरामांचा चेहरा असा झाला, जणू तुळशीनेच त्यांना नावाने हाक मारली. "मग… मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

"पण ते डोळ्यांतलं पाणी?"

"ते खरंच होतं! तुमचं तोंड उघडलं आणि वाटलं, झालं, आता हे सगळं सांगून टाकतात! पण नाही सांगितलंत." मालनने बुटाची नाडी घट्ट केली. "दर्शनाला सांगितलं असतं ना, तर मुंबईहून एक शर्ट आला असता. एवढंच."

काशीराम पायरीवर बसले. त्यांनी हळूच विचारलं, "पण मग भाषणाला घालू काय?"

"सखारामने मोतीबिंदू काढून घेतलाय. कापड परवाच टाकलंय त्याच्याकडे. माप पाठ आहे त्याला."

"खिसा?"

"मोठा!" असं म्हणून मालन पुन्हा तुळशीभोवती चालू लागली. "आणि हो, दिवाळीला दर्शनाला फोन मी करणार आहे. मला एक बनारसी हवी आहे म्हणून. तुम्ही मधे बोलू नका."

"बरं," काशीराम म्हणाले.