सुदाम्याचे पोहे आणि उडदाचा पापड

"रविवारी दत्ताच्या देवळात आजोबांचं कीर्तन लावणार म्हणजे लावणार!" जोतीराम अख्ख्या गल्लीला सांगून बसला. सांगताना ग्रामोफोन त्याच्या मांडीवर होता, आणि सुईवरच्या डबीतली अभ्रकाची चकती फुटलेली होती. पण तेवढ्यासाठी कोण थांबतो?

आजोबा नावाजलेले कीर्तनकार. त्यांच्या सुदामा आख्यानाची एकच तबकडी उरलेली. त्यांची लेक, म्हणजे जोतीरामची अंबूआत्ती, आता ऐंशीच्या पुढची. बापाचा आवाज तिनं शेवटचा ऐकला तो परकर-पोलक्यात असताना.

सुई थरथरली की चकती थरथरते आणि बुवा बोलतात, एवढं शास्त्र जोतीरामला ठाऊक होतं. त्यानं पुठ्ठ्याची चकती लावली, बुवांना पडसं झालं. पत्र्याची लावली, बुवा भंगारवाल्यासारखे ओरडायला लागले.

"पातळ पाहिजे, हलकं पाहिजे, वर ताठ पाहिजे. असलं काय असतंय गं?"

"उडदाचा पापड," संयोगिता भाकरी थापत म्हणाली.

बायकोनं चेष्टा केली होती. यानं वाटी दाबून कच्चा पापड गोल कापला, मेणानं बसवला, आणि बुवा खणखणीत बोलले!

"अवं, मिऱ्याचा हाय त्यो," ती म्हणाली. "म्हाताऱ्यास्नी ठसका लागंल."

रविवारी देऊळ भरलं. किल्ली दिली. खरखर झाली, झांजा वाजल्या आणि आवाज उमटला. आत्तीनं पदर डोळ्याला लावला.

"बाबाच की रं."

सुदामा द्वारकेत पोचला. देवानं पुरचुंडी हातात घेतली. तेवढ्यात पुजारी आकाराम उठला.

"बुवा आलं आणि ओवाळलं न्हाय?"

त्यानं कापराचं धगधगतं ताट भक्तिभावानं थेट त्या डबीखाली धरलं.

"मामा, लांबनं, लांबनं..." जोतीराम कळवळला. घंटेत कुणाला ऐकू जाणार?

देवानं पुरचुंडीची गाठ सोडली, आणि बुवांचा आवाज फुगला. फुगला, चरचरला, बसला. देवळात भाजल्या पापडाचा खमंग वास सुटला.

जोतीरामला तोंड लपवायला ग्रामोफोनचा कर्णासुद्धा पुरला नसता.

आत्ती काठी टेकत पुढं आली. डबीतला तुकडा मोडला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

"जोत्या, दुसरा पापड बसव. सुदाम्यानं लई लांबनं आणल्यात पोहे, अर्ध्यात ठेवू नगं." तिनं तुकडा चघळला. "आणि बिनमिऱ्याचा आण. बाबांना मिरी सोसत न्हवती."