बारा वह्यांतली काकडी

आबांच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. त्यांनी घरात जाहीर करून टाकलं होतं, की सूनबाईची नोकरी कायम करून द्यायचं काम आता माझ्याकडे!

सूनबाई आहाराचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत होती. म्हातारी माणसं काय खातात आणि त्यांची तब्येत कशी राहते, हे ती तपासायची. अहवाल मान्य झाला तर नोकरी कायम, नाहीतर वर्ष संपताच घरी. तिला नव्वद म्हातारे हवे होते, मिळाले अठ्ठ्याहत्तर. उरलेल्या बारांत आबा स्वतः होते आणि त्यांनी जमवलेले अकरा दोस्त, सगळे निवृत्त गवंडी. तरुणपणी त्यांनी टेकडीवर पाण्याची टाकी बांधली होती. तिला कुठे तडा गेला नाही ना, हे बघायला ते अजून रोज सकाळी अडीचशे पायऱ्या चढून जात.

प्रत्येकाला एक वही मिळाली. रोज काय खाल्लं ते लिहायचं. अकरा जणांना अक्षरओळख नव्हती. आबांना होती, साठी उलटल्यावर सूनबाईनेच त्यांना लिहायला शिकवलं होतं. तेव्हा टाकीच्या सावलीत बाराही वह्या आबांच्या मांडीवर आल्या.

पहिल्या दिवशी आबांनी एकेकाला विचारून लिहिलं. भोपळ्या म्हणून एक गोल गवंडी होता, त्याला कालचं जेवण आठवायला अर्धा तास लागला. आठवलं ते परवाचं होतं, असं शेजारी बसलेल्या उंच गवंड्याने शोधून काढलं आणि दोघांची जुंपली. दुसऱ्या दिवशी आबांनी धंद्यातली युक्ती वापरली. पहिली वीट नीट बसवायची, दोरी ताणायची, बाकीच्या विटा दोरीला धरून लावायच्या. त्यांनी स्वतःचं जेवण पहिल्या वहीत लिहिलं आणि उरलेल्या अकरा वह्या त्या दोरीला धरून भरल्या. सहा महिने! ओळ कशी सरळ आली, याचं त्यांना भारी कौतुक. वह्यांतला मजकूर संगणकात भरणाऱ्या बाईला वाटलं, गवंडी एकत्रच जेवत असतील.

आता आबांना दुपारी रोज एक काकडी लागायची.

संस्थेच्या साहेबांनी एका बाजूला दीडशे पदार्थ मांडले, दुसऱ्या बाजूला चाळीस दुखणी. त्यांची रीत अशी, की आकडे बोलत नसले तर बोलेपर्यंत विचारत राहायचं. हा पदार्थ घाल, तो काढ. न जमणारी चार माणसं ‘वेगळीच दिसतात’ म्हणून वगळ. सूनबाई पुटपुटली, की इतक्या वेळा चाळलं तर खडासुद्धा मोती वाटेल. साहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आणि एके दिवशी मोती हाती आला: रोज काकडी खाणाऱ्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब पंचविशीतल्या पैलवानासारखा!

साहेब हरखले. ते खिशात पेनाशेजारी काकडी बाळगू लागले. आबांचा मुलगा चहाबरोबर काकडी खाऊ लागला. शुक्रवारी संस्थेच्या मंडळापुढे अहवाल मांडायचा आणि सगळ्यांत निरोगी काकडीवाला तिथे हजर करायचा, असं ठरलं. तो निघाला भोपळ्या.

भोपळ्या टाकीपाशी आबांसमोर येऊन बसला. त्याने जन्मात काकडी खाल्ली नव्हती. नुसत्या वासाने त्याला मळमळायचं, आणि शुक्रवारी तर चारचौघांत खायची होती.

“तुझ्या सुनेची नोकरी आहे, म्हणून खातो,” तो म्हणाला. “पण मला काही झालं तर माझ्या म्हातारीला काय सांगायचं, ते तू बघ.”

आबा त्या दिवशी पायऱ्या उतरले ते एकटेच. घरी सूनबाई ओट्यापाशी काकडीच चिरत होती.

“सूनबाई, त्या बारा वह्या मी लिहिल्यात.”

“ठाऊक आहे, आबा. तुमचं अक्षर मी ओळखत नाही होय?”

“अक्षर माझं, आणि जेवणही माझंच. बाराही वह्यांत.”

सुरी थांबली. “म्हणजे काकडी खाणारा माणूस एकच?”

“एकच. बाकीचे नुसते पायऱ्या चढतात.”

सूनबाई स्टुलावर बसली. मग तिने विचारलं, की शुक्रवारपर्यंत गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?

“भिंत वाकडी आली की पाडायची, बाई. तिच्यावर मजला चढवला तर खालची माणसं दबतात.”

तिने साहेबांना सांगितलं. साहेब डगमगले नाहीत. त्यांनी बाराही गवंडी वगळले, पुन्हा आकड्यांना विचारत बसले आणि दोन दिवसांत मुळ्याचे गुण घेऊन आले. सूनबाईने सही केली नाही. शुक्रवारी तिने मंडळापुढे सरळ वाचून दाखवलं, की या अभ्यासात काहीही सापडलेलं नाही. वर्षअखेर ती घरी बसली. आबा महिनाभर तिच्या नजरेला नजर देत नव्हते. शेवटी तीच म्हणाली, की आता पुरे, चला जेवायला.

पुढच्या वर्षी एका रुग्णालयाने तिला कायम घेतलं. ‘काही सापडलं नाही’ असं लिहायची छाती असलेलं माणूस त्यांना हवं होतं.

भोपळ्या अजून आहे, चौऱ्याऐंशी वर्षांचा. आबा त्या शुक्रवारानंतर सात वर्षांनी, मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी, एक्क्याऐंशीव्या वर्षी वारले. कारणाच्या जागी डॉक्टरांनी ‘म्हातारपण’ एवढंच लिहिलं. सूनबाईने ते दोनदा वाचलं, आणि बरोबर आहे म्हणाली.